मारिनीचे घोडे आणि एक जाडजूड फाइल

मारिनो मारिनी या इटालियन शिल्पकाराचे, त्याची सही असलेले तीन लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं, मी मिलानमध्ये राहून जमवले. त्यांतला एक एप्रिल २०२५ मध्ये पुण्याला आईच्या घरी पोचला. सुरुवात केली तेव्हा कुठे पाहायचं, कुणाला विचारायचं, कागदपत्रं कोणती मागायची, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इंग्रजीत आणि इटालियनमध्ये माहिती पुष्कळ सापडते, पण ती बहुतेक विकणाऱ्यांनी लिहिलेली असते. मी विकत घेणारी, तीही बेताच्या पगारातली. त्या बाजूने लिहिते आहे.

मारिनी १९०१ साली पिस्तोइयात जन्मला आणि १९८० मध्ये व्हिआरेज्जोला वारला. जगभर त्याची ओळख म्हणजे घोडा आणि स्वार. सुरुवातीचे स्वार निवांत बसलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर घोडा मान ताणू लागतो, स्वार मागे कलंडतो, आणि १९५० च्या दशकात तर दोघंही कोसळायच्या बेतात असतात. त्या मालिकेला त्याने ‘मिराकोलो’, म्हणजे चमत्कार, असं नाव दिलं. मिलानच्या मुझेओ देल नोवेचेंतो या विसाव्या शतकातल्या कलेच्या संग्रहालयात त्याच्या कामाचा वेगळा विभाग आहे. मार्च २०२३ मध्ये तिथे गेले ती भर उन्हाळ्यापर्यंत सुट्टी मिळाली की जातच राहिले. ब्राँझ विकत घेणं या जन्मी शक्य नाही. पण या माणसाने आयुष्यभर लिथोग्राफ आणि अॅसिडने कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरचे छापही केले, आणि ते आजही माझ्यासारखीच्या आवाक्यात असतात, हे तिथल्या पुस्तकांच्या दुकानात चाळता चाळता कळलं.

आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, “छापलेलं चित्र ना ते? मग त्याला एवढे पैसे कशाला?”

प्रश्न रास्त होता. आमच्या आजोळी देवघराच्या भिंतीवर रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रंही दगडावरूनच छापली जायची, तेही लिथोग्राफच. पण रविवर्म्याचं तैलचित्र पाहून दगडावर रंगागणिक वेगळी रेखाटणी करायचे ते छापखान्यातले जर्मन कारागीर. ‘ओरिजिनल लिथोग्राफ’मध्ये दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर तेलकट खडूने चित्रकार स्वतः काढतो. आधी कागदावर केलेलं चित्र नंतर छापलं, असं नसतं. छाप हेच मूळ काम. ठरावीक प्रती निघतात, चित्रकार एकेक पाहून पेन्सिलीने सही करतो, आणि बहुतेक वेळा दगड पुसून टाकतात. मळवलीचा दाखला दिल्यावर आईला पटलं. पैशांबद्दल नाही पटलं, पण निदान छापण्याबद्दल पटलं.

पहिले काही महिने एक पैसाही खर्च केला नाही, आणि तेच सगळ्यांत उपयोगी ठरलं. मारिनीच्या छापकामाची संपूर्ण सूची जॉर्जो आणि ग्विदो गुआस्ताल्ला यांनी केली आहे. ती १९९० मध्ये लिव्होर्नोहून निघाली. त्यात लिथोग्राफांना ‘एल’ आणि तांब्याच्या पत्र्यावरच्या कामांना ‘ए’ लावून क्रमांक दिलेत. प्रत्येक कामाचं वर्ष, कागदाचं माप, चित्राचं माप, किती प्रती काढल्या, कुणी छापल्या हे तिथे मिळतं. पुस्तक महाग आहे आणि सहज मिळत नाही. मी एका कला-वाचनालयात ओळखपत्र देऊन वाचनकक्षात बसून पाहिलं. फोटो काढायची परवानगी मिळाली नाही, म्हणून वहीत उतरवून घेतलं. लिलावाच्या यादीत वस्तूखाली ‘गुआस्ताल्ला एल’ आणि पुढे आकडा दिसला, तर विकणाऱ्याने निदान अभ्यास केला आहे असं समजावं. तो आकडा नसेल तर ईमेल करून विचारावा. उत्तर उडवाउडवीचं आलं की मी ती वस्तू सोडून द्यायची.

वाचनालयातच एक भानगड कळली. साठ-सत्तरच्या दशकात पॅरिसच्या मूर्लोसारख्या नामांकित छापखान्यांत कसबी कारागीर चित्रकाराच्या रंगचित्रावरून दगड तयार करून द्यायचे आणि चित्रकार पाहून सही करायचा. अशी कामं सरळ खोटी नाहीत, पण चित्रकाराने स्वतः दगडावर काढलेल्या कामाच्या पंक्तीत बसत नाहीत. फ्रेंच विक्रेता त्यांपुढे ‘दाप्रे’, म्हणजे ‘अमक्याच्या चित्रावरून’, असं लिहितो. तो शब्द अगदी बारीक अक्षरात असतो. पहिल्यांदा शोधायचा तोच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्या लिलावात नाव नोंदवलं. इटलीत त्यासाठी ओळखपत्र आणि ‘कोदिचे फिस्काले’, म्हणजे आपल्या पॅनसारखा करक्रमांक, लागतो. परवानगी यायला एक दिवस गेला, तेव्हा शेवटच्या तासाला नोंदणीच्या भानगडीत पडू नका. घोडा-स्वाराचा एक रंगीत लिथोग्राफ होता, अंदाज चारशे ते सहाशे युरो. मी मनात पाचशेची मर्यादा ठरवली होती. आकडा पाचशेवर थांबला, माझी कानशिलं तापली, आणि समोरून कुणीतरी पाचशे पन्नास म्हणालं. सगळा मामला मिनिटभराचा. त्या रात्री वाईट वाटलं खरं, पण तोच छाप मला नंतर आणखी दोन ठिकाणी विक्रीला दिसला. पन्नास-पंचाहत्तर प्रती असलेल्या वस्तूचा हाच फायदा आहे: ती परत येते. घाई करायला लावणाऱ्या विक्रेत्यांना हे चांगलं माहीत असतं, आपल्यालाही असावं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मिलानमधल्याच एका लिलावात १९७२ सालचा घोडा-स्वार मिळाला. बोली ५२० युरोवर थांबली. आता हिशेब पाहा. लिलावगृहाचं कमिशन २५ टक्के, म्हणजे १३०. त्या कमिशनवर २२ टक्के कर, २८ युरो ६० सेंट. मी त्यांच्या खोलीत न बसता एका वेबसाइटवरून बोली लावली म्हणून त्या वेबसाइटचे तीन टक्के, १५ युरो ६०, आणि त्यावरही कर. सगळं मिळून सातशेला टेकलं. म्हणून मर्यादा ठरवताना आधी एकूण रक्कम ठरवा आणि उलट्या दिशेने बोलीपर्यंत या. सातशे खर्चायचे असतील तर बोली सव्वापाचशेच्या आत. चित्रकाराच्या वारसांना पुनर्विक्रीतून मिळणारा हिस्सा इटलीत तीन हजार युरोच्या वरच्या विक्रीलाच लागू होतो. या किमतींत त्याची काळजी नको.

बोलीच्या दोन दिवस आधी मी लिलावगृहाला लिहून चार गोष्टी मागितल्या होत्या: चौकटीतून काढलेल्या कागदाचा फोटो, मागच्या बाजूचा फोटो, सहीचा तिरप्या उजेडात घेतलेला फोटो आणि समासांची मापं. समास का? कारण जुन्या चौकटीत बसावा म्हणून लोक कागद कापतात, आणि कापलेला कागद सूचीतल्या मापाशी जुळत नाही. किंमत निम्म्यावर येते. मागची बाजू का? कारण तिथे चिकटपट्टीचे पिवळे डाग, पुठ्ठ्याला कायमचा डकवलेला कागद, बुरशीचे तांबूस ठिपके असं सगळं उघड होतं. तिरपा उजेड सहीसाठी. पेन्सिल कागदात किंचित दाबली जाते आणि शिशाची चमक दिसते. छापलेली सही सपाट आणि मंद असते. मारिनी बहुतेक वेळा खाली उजवीकडे नुसतं ‘मारिनो’ लिहितो. आडनाव नाही म्हणून मी आधी दचकले होते. तुम्ही दचकू नका. डावीकडे प्रतीचा आकडा असतो. १२/७५ ही प्रत ६८/७५ पेक्षा चांगली, असं काही नसतं; त्यापायी कुणी जास्त पैसे मागितले तर हसून सोडून द्यावं. आकड्याऐवजी इटालियनमध्ये ‘पी. ए.’ किंवा फ्रेंचमध्ये ‘ई. ए.’ असेल तर ती चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत.

चित्र घ्यायला मी स्वतः गेले. पैसे बँकेतून पाठवल्यावर दोन दिवसांनी पावती हातात आली आणि तिथल्या बाईंनी पातळ आम्लरहित कागदात गुंडाळून दिलं. बसमध्ये ते सपाट धरून उभी राहिले, तेव्हा आजूबाजूच्या गर्दीचा पहिल्यांदाच राग आला.

दुसरं चित्र जून २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधून आलं आणि कागदपत्रांचा खरा धडा तिथे मिळाला. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत मारिनी बायकोबरोबर तिकडे तिच्या माहेरच्या मुलखात, तेनेरोला राहिला होता, त्यामुळे स्विस संग्रहांत त्याची कामं बरीच आहेत. मला हवा होता काळ्या शाईतला एक कसरतपटू. पावती फ्रँकमध्ये, युरोत साधारण ९३० होईल एवढी, आणि पाठवायचे ८५. स्वित्झर्लंड युरोपीय संघाबाहेर असल्याने माल इटलीत शिरताना सीमाशुल्क खात्याची पायरी येते. ओरिजिनल लिथोग्राफांवर शुल्क शून्य आणि त्या वेळी कर दहा टक्के. मी साधारण १०१ युरोची तयारी ठेवली होती. कुरिअर कंपनीचा निरोप आला, भरा २२३. त्यांनी पार्सल साध्या छापील मालाच्या खात्यात टाकलं होतं, पोस्टरं आणि कॅलेंडरं जातात त्या, आणि त्यावर कर २२ टक्के.

वस्तूंच्या जागतिक वर्गवारीत ओरिजिनल लिथोग्राफांचा क्रमांक ९७०२ आहे. त्याची व्याख्या मला आता पाठ झाली आहे: चित्रकाराने पूर्णपणे हाताने तयार केलेल्या एका किंवा अनेक पत्र्यांवरून थेट काढलेला छाप, काळा-पांढरा वा रंगीत, यांत्रिक किंवा फोटोच्या पद्धतीने केलेलं काम त्यात बसत नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर सीमाशुल्क खात्याने किती नेमकं लिहून ठेवलं होतं! मी लिलावगृहाकडून नवी पावती मागवली. तीत चित्रकाराचं नाव, जन्म-मृत्यूची सालं, तंत्र, सूचीतला क्रमांक, प्रतीचा आकडा, पेन्सिलीची सही आणि ९७०२ हा क्रमांक, एवढं सगळं होतं. सूचीतल्या त्या नोंदीचा तपशीलही जोडला. ईमेल, फोन, पुन्हा ईमेल असं करत पार्सल गोदामात जवळपास तीन आठवडे पडून राहिलं. रोज त्या जागेचं तापमान काय असेल असले विचार मनात यायचे. शेवटी दहा टक्के कर आणि २८ युरो हाताळणीचे भरून चित्र सुटलं. तेव्हा बाहेरून मागवताना पैसे भरण्याआधीच विकणाऱ्याला ९७०२ पावतीवर लिहायला सांगा. जुलै २०२५ पासून इटलीने कलावस्तूंवरचा कर पाच टक्क्यांवर आणला आहे, म्हणजे आता हिशेब आणखी हलका, आणि चुकीच्या खात्यातलं नुकसान आणखी जड.

मधल्या काळात, सप्टेंबर २०२४ मध्ये, मिलानमधल्या नाव्हील्यो ग्रांदे कालव्याच्या काठावर महिन्याच्या शेवटच्या रविवारी भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका फळीवर मारिनीचा घोडा दिसला. चौकटीत, खाली पेन्सिलीची सही, किंमत अडीचशे. मी दहापट मोठं दाखवणारं भिंग पर्समध्ये ठेवते, पंधरा युरोत मिळतं. काचेवरूनच पाहिलं. साध्या ऑफसेट छपाईत रंगांचे गोल ठिपके एका शिस्तीत मांडलेले दिसतात. इथे ते नव्हते, खडूचा ओबडधोबड कण होता. म्हणजे लिथोग्राफ खरा. मग सहीही खरी? चित्राच्या बरोबर मधून वरून खाली एक फिकी घडी गेली होती. पॅरिसहून ‘व्हँतिएम सिएक्ल’ नावाचं कलाविषयक नियतकालिक निघायचं, सान लाझारो नावाचा इटालियन माणूसच ते चालवायचा. त्याच्या अंकांत मारिनीसारख्यांचे खरे लिथोग्राफ आत बांधलेले असत, दुहेरी पानाचे असले तर मधे घडी पडलेले, आणि सही नसलेले. असा कागद अंकातून सोडवायचा आणि खाली कुणीतरी ‘मारिनो’ लिहायचं, एवढंच. विक्रेत्याला मी घडीबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, जुना कागद आहे, घड्या पडायच्याच. मी भिंग मिटलं. बिनसहीचा म्हणून साठ-सत्तर युरोत मिळाला असता तर आनंदाने घेतला असता. तो लिथोग्राफ म्हणून वाईट नव्हताच. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी मारिनीने केलेल्या पोस्टरबाबतही हेच लक्षात ठेवा: साधं पोस्टर वेगळं आणि सही-आकडा असलेली मर्यादित प्रत वेगळी, आणि बाजारात दोन्हींचा गोंधळ मुद्दाम केला जातो.

तिसरं चित्र पुण्यासाठीच घ्यायचं ठरवलं होतं, म्हणून मोठं नको होतं. जानेवारी २०२५ मध्ये फिरेंझेला, म्हणजे फ्लॉरेन्सला, गेले. तिथे सान पांक्रात्सियोच्या जुन्या चर्चमध्ये १९८८ पासून मारिनीचं संग्रहालय आहे. जाण्याआधी उघडण्याचे वार पाहून घ्या, रोज उघडं नसतं. शहरातल्या एका लहानशा गॅलरीत सत्तरच्या दशकातला, पन्नास बाय पस्तीस सेंटिमीटरचा एक छाप ४५० युरोत मिळाला. लिलावापेक्षा थोडा महाग, पण वरचं कमिशन नाही, चित्र हातात घेऊन पाहता येतं आणि मालक उभा राहून प्रश्नांची उत्तरं देतो. इटलीच्या सांस्कृतिक वारसा कायद्याच्या ६४ व्या कलमानुसार कलावस्तू विकण्याचा व्यवसाय करणाऱ्याने ती खरी असल्याचं आणि कुठून आली याचं लेखी पत्र ग्राहकाला द्यावंच लागतं. मी मागितलं नसतं तरी त्यांनी दिलं असतं असं वाटतं, पण मागायला संकोच करू नका. फोटो लावलेलं आणि सही केलेलं पत्र घ्या.

मग ते देशाबाहेर न्यायचं. इटलीतून कलावस्तू नुसती बॅगेत टाकून नेता येत नाही. सत्तर वर्षांहून कमी वयाच्या कामासाठी निर्यात कार्यालयाकडे स्वयंघोषणा द्यावी लागते. त्याहून जुन्या पण साडेतेरा हजार युरोच्या आतल्या कामासाठी वेगळी घोषणा असते. वयाची ही रेघ दर वर्षी पुढे सरकते. माझा १९५० च्या दशकातला कसरतपटू लवकरच दुसऱ्या गटात जाईल, तेव्हा जुनी कामं घेताना हे डोक्यात असू द्या. अर्ज सांस्कृतिक मंत्रालयाच्या ऑनलाइन यंत्रणेतून केला: समोरचा-मागचा फोटो, मापं, तंत्र, वर्ष, पावती, गॅलरीचं पत्र, पासपोर्ट आणि चित्र कुठे जाणार तो पत्ता. त्यांनी एकदा उलट विचारलं की वर्ष कशावरून; सूचीतली नोंद पाठवली. फेब्रुवारीच्या मध्याला दिलेला अर्ज मार्चच्या सुरुवातीला शिक्का होऊन परत आला. तिकीट काढल्यावर नव्हे, त्याच्या दीड-दोन महिने आधी हे काम सुरू करा.

एप्रिलमध्ये दोन फोम-बोर्डांच्या मधे आम्लरहित कागदात चित्र ठेवलं, बोर्डांच्या कडांना चिकटपट्टी लावली आणि मोठ्या बॅगेत कपड्यांच्या दोन थरांमधे आडवं बसवलं. गुंडाळी करून नळीत घालायचा मोह टाळा. जाड कागदाची शाई तडकू शकते आणि कागद पुन्हा सरळ व्हायला हट्टी असतो. मिलानच्या विमानतळावर कुणीच विचारलं नाही. मुंबईत मी स्वतःहून अधिकाऱ्यांना पावती दाखवली. त्या दिवशीच्या दराने ४५० युरो तेव्हाच्या पन्नास हजार रुपयांच्या मोफत मर्यादेत बसत होते. साहेबांनी पावती उलटसुलट पाहिली, “प्रिंट आहे ना? कलर झेरॉक्ससारखं?” विचारलं. मी ९७०२ ची व्याख्या सुरू करणार होते, पण मागे रांग होती आणि त्यांनी हातानेच जा म्हणून खूण केली.

पुण्यात चौकट करून घेताना फ्रेमवाल्याशी जरा हुज्जत घालावी लागली. त्याला चित्र मागच्या पुठ्ठ्याला डकवायचं होतं, “म्हणजे पावसाळ्यात फुगणार नाही, ताई.” असं कधीच करू देऊ नका. कागद वरच्या दोन टोकांना जपानी कागदाच्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने टांगलेला हवा, म्हणजे कधीही सोडवता येतो आणि दमट हवेत त्याला हलायला जागा राहते. समोर आम्लरहित माउंट (मधे खिडकी कापलेला पुठ्ठा), म्हणजे काच कागदाला टेकत नाही. काच अतिनील किरण अडवणारी. ती मागवायला आठवडा लागला आणि सगळं मिळून साडेसहा हजार रुपये झाले. मिलानमध्ये तेवढ्याच मापाला १४० युरो घेतले होते. भिंत आतली निवडली, कारण पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, आणि कागदाला ओल आली की बुरशी आणि कसर दोन्ही मागोमाग येतात. दिवाळीत चौकट काढून मागून एकदा बघायचं, हे काम भावाच्या गळ्यात घातलं आहे.

फाइल दोन प्रतींत आहे, एक मिलानला, एक पुण्याला. तीत पावत्या, लिलावाच्या यादीचं छापलेलं पान, आधीचे फोटो, ईमेल, गॅलरीचं पत्र, शिक्क्याची घोषणा आणि सूचीतली वहीतली नोंद असं सगळं आहे. पुण्याचं चित्र विम्यात घालायला गेलो तेव्हा कंपनीने पहिल्यांदा मागितली ती पावती आणि गॅलरीचं पत्र, चित्राचा फोटो नंतर.